दामासोसाठी दुनळी

वियामेरा, ४ सप्टेंबर १९८३

फेर्मिन,

माझं अक्षर पाहून तुला वाटेल, घरातलं आणखी कुणीतरी गेलं. तसं काही नाही, आम्ही तिघंही धडधाकट आहोत. मार्चमध्ये बाबा गेले तेव्हा तार तुला उशिरा मिळाली आणि मातीला येता आलं नाही, याचा राग तू धरला असशील. धर. पोस्ट माझ्या हातात नाही.

कामाचं लिहितो. आपल्या असुन्ताचा दामासो पंचविशीला टेकला. उन्हाळ्यात आईला न विचारता शिकारीचा परवाना काढून आला. आठ दिवस घरात अबोला. तितराचा हंगाम जवळ आला की गावातली सगळी पोरं रानात, हा एकटा मेंढ्यांच्या वाड्यात. किती वर्षं अडवणार? शेवटी असुन्ता म्हणाली, "एलाद्यो बरोबर असेल तरच." बंदूक मीच त्याला घेऊन देणार आहे. त्याचा बाप असता तर त्यानेच दिली असती.

पालेन्सियाच्या दुकानात जाऊन आलो. दुकानदार मोठा गोडबोल्या. एक परदेशी दाखवली, एका नळीवर दुसरी नळी बसवलेली, किंमत ऐकून मी टोपी घालून उठलो. मग एक आपल्याकडची दाखवली, तिच्यावर तितर, कुत्रा, झुडपं, सगळं रान कोरलेलं. मी म्हटलं, मला शिकार रानात करायची आहे, बंदुकीवर नाही. मला साधी दुनळी हवी. शेजारी शेजारी नळ्या, बाबांच्या वेळची असायची तशी. पस्तीस हजार पेसेटांच्या वर जाता येणार नाही, यंदा जव पाण्याविना करपला.

तू पंचवीस वर्षं तिथे याच धंद्यात आहेस. एवढं करशील असं वाटतं. आणि असुन्ताला कळता कामा नये की ती तुझ्या हातून आली. दामासोलाही नको.

एलाद्यो

—

एइबार, ११ सप्टेंबर १९८३

एलाद्यो,

तुझं पत्र खिशात घेऊन चार दिवस कामावर जात होतो. पहिल्यांदा ठरवलं, उत्तर द्यायचं नाही. लिसार्दोच्या मुलाची बंदूक मी निवडायची, हे मागायला तुझी जीभ कशी वळली? मग वाटलं, मी नाही म्हटलं तर तू कुठलीतरी उचलशील आणि पुन्हा काहीतरी होईल. म्हणून लिहितो.

कोरीवकामाला भुलला नाहीस ते बरं केलंस. स्वस्त बंदुकीवर दाट नक्षी दिसली की समजायचं, पैसे बाहेर खर्च झाले, आत काही उरलं नाही. काडतुसं आपोआप बाहेर फेकणारी घेऊ नकोस. ती कळ महाग, आणि स्वस्तात दिली तर वर्षात बिघडते. काडतुसं बोटांनी काढायला दामासोची काही हरकत नसावी. दोन नळ्यांना दोन वेगळे चाप असावेत. नळ्या सत्तर सेंटिमीटर, बारा बोअर. उजव्या नळीचं तोंड जरा सैल, डावीचं आवळलेलं, कारण तितर पहिल्या बाराला जवळ असतो आणि दुसऱ्याला लांब. वजन तीन किलोच्या आत हवं. तुमच्या माळावर सकाळपासून चालायचं म्हणजे दुपारनंतर प्रत्येक छटाक जाणवतो. कारखान्यात एक वापरलेली आली आहे, ती मनात आहे. पण आधी तिची आतली कळ मी उघडून बघणार. आमच्याकडे दुसरं कुणी उघडत नाही, मीच उघडतो. तेच माझं काम.

दामासोची मापं पाठव. कोपर काटकोनात वाकवायला सांग आणि आतल्या बाजूने चापावरच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत दोरी धर. मान लांब की आखूड, खांदे रुंद की उतरते, निशाण धरताना कुठला डोळा मिटतो, तेही लिही. दस्ता अंगाला बसला नाही तर चांगली बंदूकही वैरीण होते.

आणि बाबांची ती जुनी बंदूक कुठे आहे? खटला संपल्यावर त्यांना परत मिळाली होती, एवढं मला माहीत आहे. कारखान्यात जुनी दिली तर नवीवर थोडी सूट मिळते, आणि मला ती एकदा बघायची आहे.

तुला पुन्हा सांगतो, कारण त्या वेळी कुणी ऐकलं नाही. कालव्याकाठच्या पॉपलरांपाशी मी दोन काडतुसं भरली आणि मधोमध वाकवलेली बंदूक मिटवली. मिटवताना ती उडाली. माझं बोट चापावर नव्हतं. लिसार्दो आठ पावलं पुढे होता. न्यायाधीश म्हणाले, बंदूक आपोआप उडत नसते. बाबा मान खाली घालून बसले होते. असुन्ता पाच महिन्यांची पोटुशी, ती कोर्टात माझ्याकडे बघून म्हणाली, "हा खोटंही धड बोलत नाही." सहा महिने तुरुंगात काढताना मी स्वतःलाच विचारत होतो, बोट खरंच नव्हतं ना? आता इतकी वर्षं झाली. मलाही वाटतं, असेल. असणारच.

फेर्मिन

—

वियामेरा, १९ सप्टेंबर १९८३

फेर्मिन,

दोरीचं माप सदतीस सेंटिमीटर. मान लांब, आपल्या घराण्यातली नाही, लिसार्दोची. खांदे रुंद. डावा डोळा मिटतो. दोरी कशाला म्हणून विचारत होता, मी सांगितलं अंगरखा शिवायचा आहे. हसला. अंगरखा बोटाच्या पेरापर्यंत मोजतात का, म्हणाला. मला वाटतं त्याला अंदाज आला असेल, पण आनंदात आहे, बोलत नाही.

ती जुनी बंदूक नाही. बाबांनी सहासष्ट साली भंगारवाल्याला दिली, बरं केलं. घरात कुणाला बघवत नव्हती. तुला ती कशाला बघायची आहे? ज्याच्यासाठी बघायची तो मातीखाली आहे. जुनं उकरत बसू नकोस, माझी एक विनवणी समज. तू तिकडे चार भिंतींत लोखंड घासत बसतोस, संध्याकाळी दारू प्यायला मित्र असतील, सिनेमा असेल. इथे त्या दिवसानंतर रोज सकाळी उठून असुन्ताचं तोंड कुणी बघितलं? तिची जमीन कुणी नांगरली? दामासोला सायकल कुणी शिकवली? मी हे उपकार म्हणून सांगत नाही. एवढंच की त्या दिवसाची झळ एकट्या तुलाच बसली असं समजू नकोस.

हंगाम सोळा ऑक्टोबरला उघडतो. त्याआधी पोचेल असं बघ. पैसे मनिऑर्डरने पाठवले आहेत.

एलाद्यो

—

एइबार, १ ऑक्टोबर १९८३

एलाद्यो,

बंदूक काल रवाना झाली. कागदपत्रांसह तुमच्या चौकीत येईल, परवाना दाखवून दामासोलाच सही करून घ्यावी लागेल.

जी मनात होती तीच घेतली. चौदा वर्षांची आहे, बिल्बाओचा एक वकील वर्षातून दोनदा वापरायचा. तशा बंदुकांत पैसा खरा सत्कारणी लागतो. नळ्या दोरीला टांगून बोटाच्या पेराने वाजवल्या, घंटेसारख्या वाजल्या, म्हणजे सांधा कुठे सुटलेला नाही. मिटवल्यावर फटीत केसही जात नाही. दस्ता दामासोला आखूड पडत होता. मागे अक्रोडाचा तुकडा जोडून, रेषा जुळवून, तेल पाजून घेतला. सांधा शोधून काढलास तर तुला दारू पाजेन. वर फार नक्षी नाही, कडेने एक बारीक वेल आहे फक्त.

आतली कळ पूर्ण उघडली. हातोडी अडवून धरणारी पोलादी जीभ दोन्हीकडे नवी बसवली. ते पैसे धरलेले नाहीत. भरून मिटवून दस्ता जमिनीवर शंभरदा आपटला, अर्थात रिकाम्या काडतुसांनी. एकदाही सुटली नाही. तरी त्याला एक शिकव. बंदूक मिटवताना नळ्या वर उचलायच्या नाहीत, दस्ता वर उचलायचा. म्हणजे नळ्यांची तोंडं मातीकडे राहतात. मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

ज्यांनी आयुष्यभर बंदुका केल्या त्यांनी कधीतरी शिकार केली असेल असं लोकांना वाटतं. मी काडतूस भरलेली बंदूक त्या दिवसानंतर हातात धरलेली नाही. कारखान्यात चाचणीचे बार दुसरा माणूस काढतो.

फेर्मिन

—

वियामेरा, ६ नोव्हेंबर १९८३

फेर्मिनमामा,

आपण कधी भेटलो नाही. मी दामासो. चौकीत सही करताना पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, आडनाव आईचंच. हवालदार म्हणाले, "तुझा मामा आहे की तिकडे." एलाद्योमामांनी मला पालेन्सियाच्या दुकानाचं सांगितलं होतं. मी त्यांना काही बोललो नाही, आईलाही नाही. तुमचं नाव आमच्याकडे निघत नाही. तुमच्या हातून माझे वडील गेले हे मला गावात शाळेतल्या पोरांनी सांगितलं, मी सात वर्षांचा असताना. तुमच्याविषयी मला काय वाटतं ते मलाच नीट ठाऊक नाही, त्यामुळे तो विषय ठेवतो.

बंदूक खांद्याला लावली आणि वाटलं ती आधीपासून माझीच होती. पहिल्या रविवारी दोन तितर पाडले, दुसऱ्या रविवारी एकही नाही, तिसऱ्या रविवारी तीन आणि एक ससा. आईने सशाचा रस्सा केला आणि स्वतः खाल्ला नाही. एलाद्योमामा माझ्या पुढे कधीच चालत नाहीत. नेहमी मागे, दहा पावलं. मी म्हणतो, "मामा, शेजारी या की," तर म्हणतात, "तू चाल."

आता खरं काम. पेरणीआधी आजोबांच्या कोठारातली जवाची पेटी हलवली तर तिच्यामागे गोणपाटात गुंडाळलेली एक जुनी दुनळी निघाली, सगळीकडे चरबी फासलेली. वडिलांना लागली ती बंदूक सरकारजमा झाली असं आई सांगते, म्हणजे ही आजोबांची दुसरी कुठली असणार. एलाद्योमामांची स्वतःची बंदूक फार खिळखिळी आहे. ही दुरुस्त झाली तर सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, त्यांना भेट द्यायची माझ्या मनात आहे. त्यांनी माझ्यासाठी खूप केलंय. चौकीतून कागद करून तुमच्याकडे पाठवत आहे. खर्च मी देईन. त्यांना कळवू नका, गंमत जाईल.

तुमचा भाचा
दामासो

—

एइबार, २७ नोव्हेंबर १९८३

एलाद्यो,

भंगारवाल्याला दिलेली बंदूक मंगळवारी माझ्या टेबलावर आली. दामासोला ती कोठारात सापडली. बिचाऱ्याला वाटतंय ती दुसरीच आहे, आणि दुरुस्त करून तुला सणाची भेट द्यायची आहे. मी तिला गोणपाटातून काढली तेव्हाच ओळखली. दस्त्यावर बाबांनी कोरलेली फुलीची खूण आहे, आणि त्याच्याखाली मी लहानपणी दातांनी केलेली.

दुपारची सुट्टी झाली, सगळे जेवायला गेले. मी तिची कळ उघडली. स्क्रूंच्या खाचा ओरबाडलेल्या होत्या, म्हणजे माझ्याआधी कुणीतरी, धड अवजार नसताना, ती उघडली होती. उजवी बाजू ठीक. डाव्या हातोडीच्या पायाशी जी खाच असते, जिच्यात जीभ अडकून बसते, ती कानशीने घासलेली. निम्म्याहून जास्त. चाप हलका व्हावा म्हणून घासतात, पण कडेला एक उतार राहतो आणि जीभ धरून राहत नाही. मी जोडून, रिकामी मिटवून पाहिली. पाचव्यांदा आपोआप सुटली. मग नवव्यांदा. मग सलग दोनदा.

त्या दिवशी मी ती मिटवली ती कितवी वेळ होती, ते देव जाणे.

एलाद्यो, आपल्या गावात त्या काळी कानस धरून बंदूक उघडणारा एकच माणूस होता. तू सत्तावन्नला वायादोलिदच्या लष्करी शस्त्रागारातून सुटून आलास आणि चौकात सगळ्यांना सांगत होतास, सार्जंटने चाप मऊ करायला शिकवलं म्हणून. कानशीचे ओरखडे डावीकडून उजवीकडे उतरतात. तुझ्यासारखा डावखुरा माणूस कानस तशी ओढतो. मी पंचवीस वर्षं कानशीचे ओरखडे वाचतो. मला यात चूक होत नाही.

अठ्ठावन्नच्या सप्टेंबरात गावच्या जत्रेत कबुतरांच्या नेमबाजीत तू पहिला आलास. ऑक्टोबरात माझ्या हातात बंदूक दिलीस, म्हणालास, "मला ताप आहे, माझ्याऐवजी तू जा." कोर्टात माझ्यामागच्या बाकावर बसला होतास. मी ओरडून सांगत होतो की बोट नव्हतं, आणि तुला माहीत होतं की नव्हतं.

मी उत्तराची वाट बघतो.

फेर्मिन

—

वियामेरा, २० डिसेंबर १९८३

फेर्मिन,

तीन पत्रं लिहून फाडली. हे पाठवतो, कसंही असो.

हो, मी घासली. जत्रेसाठी. डावा चाप फार जड होता, दुसरं कबुतर निसटायचं. घासल्यावर लोण्यासारखा झाला. बक्षीस म्हणून डुकराची अख्खी खारवलेली मांडी मिळाली, तूही खाल्लीस तिच्यातलं. मिटवताना सुटते हे मला ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगतो, नव्हतं. ताप खरंच होता.

तुला गाडीत घालून नेलं त्या संध्याकाळी मी बाबांना सांगितलं. त्यांनी मला ओसरीवर बसवलं. म्हणाले, "एक गेलाच आहे आत. आता दुसऱ्याला पाठवू का? शेत कोण करेल? असुन्ता आणि तिचं मूल कोण बघेल?" तू वीस वर्षांचा, लग्न नाही, जमीन नाही. सहा महिन्यांनी सुटशील. मी सव्वीसचा, कर्ता. बाबांनी हिशेब केला. मी तो मान्य केला. बाबांवर ढकलत नाही, मीच मान्य केला.

त्यानंतर मी लग्न केलं नाही. गावाला वाटतं मी कंजूष आहे. फुल्हेन्सियाच्या बापाने तिच्यासाठी दोनदा विचारलं होतं. दामासोला वाढवलं, त्याच्या पहिल्या सदऱ्यापासून या बंदुकीपर्यंत. तू म्हणशील, ही माझी फेड. तसंच समज.

पण एक तूही ऐक. खाच मी घासली. नळी मात्र तुझ्या हातात होती, आणि ती लिसार्दोच्या पाठीकडे होती. कुठल्याही बंदुकीचा बार कधीही उडू शकतो, म्हणून तोंड खाली ठेवायचं, हे तूच मला ऑक्टोबरात लिहिलंस. तुला कुणी शिकवलं नव्हतं, खरं. मलाही कानस कुठे थांबवायची ते कुणी शिकवलं नव्हतं.

तुझं पत्र मी असुन्तासमोर नेऊन ठेवलं. ती वाचत असताना मी उभा होतो. वाचून तिने घडी घातली आणि म्हणाली, "मेंढ्यांना पाणी दे." मी जाऊन दिलं. तीच तुला लिहील, असं म्हणते.

एलाद्यो

—

वियामेरा, ८ जानेवारी १९८४

फेर्मिन,

मला लिहायची सवय नाही, थोडक्यात लिहिते.

मला माहीत होतं. दामासो सात वर्षांचा असताना शाळेतून रडत आला, पोरांनी तुझं नाव सांगितलं होतं. मी बाबांच्या अंगणात जाऊन तुझ्या नावाने बोटं मोडत होते. बाबांना ते सहन झालं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. मग ते रडले. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं.

म्हणजे अठरा वर्षं झाली. तू विचारशील, मग गप्प का बसलीस. त्या दिवशी दुपारी एलाद्यो माझ्या शेतात बटाटे काढत होता. मी बांधावर जाऊन उभी राहिले. बोलायचं ठरवून गेले होते. तो म्हणाला, "यंदा मोठे आलेत, तुला हिवाळाभर पुरतील." मी घरी आले आणि ते बटाटे शिजवले. ज्याचं खाते त्याचा द्वेष करून रोज जेवता येत नाही, फेर्मिन. तुझा करता येत होता. तू लांब होतास, तुझी सवय झाली होती. मी तुझा द्वेष सोडला असता तर तो कुठेतरी ठेवावा लागला असता.

आणखी एक सांगते, नाहीतर मला झोप लागणार नाही. बाबा आजारी पडले तेव्हा शेवटचे पंधरा दिवस तुला बोलवा म्हणत होते. तार उशिरा करायला मीच एलाद्योला सांगितलं. तू आला असतास तर त्यांनी तुला सांगितलं असतं, आणि दामासो तिथेच उशाशी बसलेला असायचा.

मी क्षमा मागत नाही. मागितली तर तुला द्यावी लागेल, आणि तुझ्या मनात ती नसेल. एकच मागते. दामासोला कळू देऊ नकोस. त्याला बाप मिळाला नाही, पण एलाद्यो मिळाला. तोही काढून घेऊ नकोस. त्या बंदुकीचं काहीतरी कारण सांग, गंजली म्हण, आणि वितळवून टाक.

असुन्ता

—

एइबार, १५ जानेवारी १९८४

दामासो,

तुझी दोन पत्रं आली, बंदूक तयार झाली का म्हणून. सण होऊन गेला, उशीर झाला. ती दुरुस्त होणार नाही. म्हणजे मी ती करणार नाही.

तुझ्या आईने मला एक कारण सुचवलं आहे. ते मी तुला देत नाही. माझ्याबद्दल एक खोटं पंचवीस वर्षं चाललं, दुसरं मी स्वतःच्या हाताने सुरू करू शकत नाही. ही तीच बंदूक आहे जिच्याने तुझे वडील गेले. ती माझ्या हातात होती आणि नळ्यांची तोंडं त्यांच्याकडे होती. ही चूक माझी, ती मी कुणाला वाटून देत नाही. पण माझं बोट चापावर नव्हतं. हे मी कोर्टात म्हणालो, तुझ्या आईला म्हणालो, आता तुला म्हणतो. बंदूक मिटवताना ती उडाली. का उडाली, ते मला नोव्हेंबरात कळलं.

ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर सूड म्हणून लिहीन, आणि तू ते वाचून माझा होशील असं मला वाटून जाईल. तुझ्या घरात दोन माणसांना ते माहीत आहे. दोघं एकत्र असताना, दिवसाउजेडी विचार. विचारायचं नसेल तर विचारू नकोस, त्यातही काही कमीपणा नाही.

तुझ्या बंदुकीला दर दोन महिन्यांनी तेल दे. थोडंच.

फेर्मिन

—

वियामेरा, ५ फेब्रुवारी १९८४

फेर्मिनमामा,

विचारलं. गेल्या रविवारी जेवताना. चण्याचं कालवण होतं. आई एलाद्योमामांकडे बघत राहिली आणि ते ताटाकडे. मग म्हणाले, "कानस माझी होती." नंतर सगळं सांगितलं, पहिल्यापासून, एका दमात. मी एकदाही अडवलं नाही. शेवटी आईने विचारलं, "आणखी वाढू का?" मला हसू आलं, मामा. फार वाईट हसू आलं.

ते आता आमच्याकडे जेवायला येत नाहीत. पण मेंढ्या विताहेत, हात दोघांचे लागतात. रोज सकाळी वाड्यात भेटतो. ही व्यायली, ती अडली, हिला वेगळी बांध, एवढंच बोलतो. परवा एक मेंढी अडली होती, त्यांनी कोपरापर्यंत हात घालून कोकरू फिरवलं आणि मी तिचं डोकं धरून बसलो होतो. तासभर. काम झाल्यावर त्यांनी बादली पुढे केली, मी हात धुतले आणि निघून आलो. त्यांच्यावर ओरडायचं मी रोज ठरवतो. ते रोज आधीच कामाला लागलेले असतात.

तुम्हालाही एक विचारायचं आहे. तुम्ही बंदुकीची कळ उघडणारा माणूस. तुमचं बोट नव्हतं, तुम्हाला माहीत होतं. मग पंधरा वर्षांपूर्वी, नाहीतर दहा वर्षांपूर्वी येऊन ती बंदूक का नाही मागितलीत? एक दिवसाचा प्रवास आहे. आजोबा जिवंत होते. मी दहा वर्षांचा असतो, पंधराचा असतो. तुम्ही तिकडे बसून स्वतःलाच विचारत राहिलात. तुम्ही गप्प राहिलात म्हणून गप्प बसायची सवय आमच्यात कुणाकुणाला लागली, ते मला कळत नाही.

शिकारीला जात नाही. बंदूक चौकीत ठेवली आहे, हवालदारांना सांगितलं, कुणी घेणारं असेल तर सांगा.

आई विचारते, ईस्टरला याल का. तिने सांगितलं म्हणून लिहिलं. मला विचाराल तर अजून येऊ नका.

दामासो